पंप सुरू झाला की स्क्रीन का जाते?

लॅपटॉपला जोडलेली मोठी स्क्रीन मध्येच काळी होते, रेघा येतात, ठिपके नाचतात. मग आपण केबल हलवतो, नाहीतर दुकान गाठतो. त्याआधी एक वही घ्या, एवढंच माझं म्हणणं आहे. पण ते पटवायला थोडं लांबून यावं लागेल.

तुमची स्क्रीन कधी अशी गेलीये का? दोन सेकंद मिट्ट काळोख आणि मग सगळं पुन्हा जागच्या जागी, जणू काही झालंच नाही! तेव्हा तुम्ही काय केलंत ते मी न बघता सांगते. केबल उपसून परत खोचलीत. लॅपटॉप बंद करून चालू केलात. मग एक व्हिडिओ शोधलात, त्यातल्या दादाने सांगितलेले सात उपाय एका दमात केलेत आणि स्क्रीन नीट चालली म्हणून खूश झालात. चार दिवसांनी पुन्हा काळोख. आता त्या सातांतला कुठला उपाय लागू पडला होता आणि कुठला नाही, हे तुम्हाला कळायचा मार्गच उरला नाही.

मी हेच केलं. तब्बल सात महिने.

मी मालगुंडची. गणपतीपुळ्याला आलेली मंडळी देवदर्शन आटोपून केशवसुतांचं स्मारक बघायला जिथे येतात, ते मालगुंड. आमचं घर त्या वर्दळीपासून आत, आगरात. माड, पोफळी, विहीर आणि विहिरीवर पंप. हा पंप लक्षात ठेवा. मी ठेवला नव्हता.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना मला घरबसल्या एक काम मिळालं. मराठी व्हिडिओंना सबटायटल्स लावायचं. एका स्क्रीनवर व्हिडिओ, दुसऱ्या स्क्रीनवर मजकूर. लॅपटॉपच्या चौदा इंचांत ते करून डोळे आणि मान दोन्ही गेली, म्हणून दिवाळीच्या आधी अडीच हजारांत जुना मॉनिटर घेतला. पहिले काही दिवस मजेत गेले. दिवाळी संपली आणि स्क्रीन जायला लागली. नुसती काळी होऊन परत आली असती तरी चाललं असतं हो. पण मॉनिटर गेला की उघडलेल्या सगळ्या खिडक्या उड्या मारून लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर येतात, आणि मॉनिटर परत आला तरी त्या परत जातीलच असं नाही. ज्याने मिलिसेकंदाच्या हिशेबाने ओळी जुळवल्यात, त्यालाच याचा संताप कळेल.

रत्नागिरीतल्या एका दुकानात लॅपटॉप नेला. त्यांनी दोन तास लावून ठेवला. तिथे एकदाही काही झालं नाही. तरी निदान मिळालंच, ग्राफिक्सचा भाग जातोय, बोर्ड बदलावा लागेल, नऊ हजार. बाबा म्हणाले, आंब्याचे पैसे आले की बघू. आणि मुंबईहून आलेल्या एका नातेवाइकांनी सगळ्यात सोपं निदान केलं. ‘‘गावात असंच असतं गं. व्होल्टेजच नसतं धड. तू आपली पुण्याला रूम घे.’’

गावात असंच असतं! या तीन शब्दांवर माझा सगळा राग आहे आणि हा लेख त्यासाठीच आहे. दुकानदाराचं निदान निदान तपासता तरी येतं. ‘गावात असंच असतं’ हे तपासताच येत नाही. त्यात कुठे बोट ठेवणार? आणि आपण तरुण मुलंमुलीच ते सगळ्यात आधी मान्य करतो. नेट गेलं, गावात असंच. स्क्रीन गेली, गावात असंच. मग एक दिवस आपणच बॅग भरतो, आणि गाव सोडायला एक कारण मिळालं म्हणून आतून थोडं बरंही वाटतं. मला वाटलं होतं, म्हणून सांगते.

जून आला आणि स्क्रीन जायची थांबली. अगदी थांबली. नेमकं त्याच आठवड्यात मी लॅपटॉपवर एक मोठा अपडेट टाकला होता. झालं! मी तीन मैत्रिणींना मेसेज केला, ‘अपडेट मारा, प्रॉब्लेम सॉल्व्ह.’ त्यातल्या एकीने तसं करून तिचं नसतं दुखणं ओढवून घेतलं, तो भाग वेगळा. जुलै, ऑगस्ट, गणपती, नवरात्र, सगळं सुरळीत. दिवाळी झाली आणि स्क्रीन परत जायला लागली.

पुढचं निदान मी केलेलं नाही. पंपाचा स्टार्टर बघायला आमच्या वाडीतला वायरमन दादा आला होता. त्याला मी माझं रडगाणं सांगितलं. त्याने एकच प्रश्न विचारला.

‘‘कधी जाते गो?’’

‘‘कधीही.’’

‘‘कधीही म्हंजे? वाजलेले किती?’’

मला सांगता येईना. एक अख्खं वर्ष हा त्रास मी सोसत होते आणि तो किती वाजता होतो ते मला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून स्क्रीन गेली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ लिहायला सुरुवात केली. सात दहा. सात पन्नास. पाच वीस. पाच पंचावन्न. दुसऱ्या दिवशी सात पाच, सात पंचेचाळीस. आठवडाभराने आजी चष्मा लावून तिथी बघायला कॅलेंडरपाशी गेली, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘शिपण्याच्या वेळा कशाला लिहून ठेवतेस?’’

आगराचं शिपणं! सकाळी पंप चालू, पंप बंद. संध्याकाळी चालू, बंद. पावसाळ्यात शिपणं नाही, म्हणून पंप नाही, म्हणून काळोख नाही. आणि रत्नागिरीच्या दुकानात आमची विहीर नाही. सगळं एका क्षणात जुळलं आणि अपडेटवाल्या मेसेजची मला भयंकर लाज वाटली.

आता नुसतं जुळलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. तेवढं तरी बारावी सायन्सला शिकवलेलं आठवत होतं. म्हणून बाबांना पंपापाशी उभं केलं, मी स्क्रीनसमोर. बाबा ओरडले, ‘‘चालू!’’ काळोख. ‘‘बंद!’’ पुन्हा काळोख. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. शेजारच्यांना वाटलं पंप बिघडला, ते मदतीला आले.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं. माझी एचडीएमआय केबल पाच मीटरची होती. ‘लांब असलेली बरी’ या न्यायाने घेतलेली, स्वस्तातली. उरलेली लांबी टेबलाच्या पायाला गुंडाळलेली आणि त्याच गुंडाळीत एक्स्टेन्शन बोर्डाची वायरही! आधी फक्त गुंडाळी सोडवली आणि केबल विजेच्या वायरपासून हातभर लांब नेली. दहातले काळोख चारावर आले. मग एका मित्राची दीड मीटरची, जाडसर केबल आणून लावली. दहात शून्य. इथे थांबायचा मोह होतो, पण थांबायचं नाही. जुनी केबल परत लावून बघितली. काळोख परत आला. आता मी छातीठोकपणे म्हणू शकत होते की केबलचा यात हात आहे. उपाय काढून घेतल्यावर आजार परतला, तरच तो उपाय खरा.

हे होतं कसं, ते थोडक्यात. पंपाच्या स्टार्टरमधले कॉन्टॅक्ट्स जुळताना आणि तुटताना ठिणगी उडते. आमच्या स्टार्टरचे तर खड्डे पडलेले होते, म्हणजे ठिणगी चांगलीच. ठिणगी म्हणजे रेडिओ लहरींचा स्फोटच. एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर नाही, एकदम खूप मोठ्या पट्ट्यावर. घरातल्या वायरी तो गोंगाट वाहून आणतात. आणि जवळची कुठलीही लांब तार अँटेनासारखी तो पकडते. केबलभोवती धातूची जाळी असते ती हाच गोंगाट अडवायला. स्वस्त केबलमध्ये कंजुषी होते ती नेमकी या जाळीत, आणि ती बाहेरून दिसत नाही. आता दुसऱ्या बाजूने बघा. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके, आणि ते सेकंदाला ६० वेळा. सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचे रंग त्या केबलमधून धावत असतात. त्यात पुरेशा चुका झाल्या की मॉनिटरची लय तुटते. मग तो लॅपटॉपशी ओळखपाळख पहिल्यापासून करून घेतो. ते दोन सेकंद म्हणजे आपला काळोख.

म्हणून दोष कसा दिसतो तेही नीट बघा. तो बरंच काही बोलतो. कॉलेजच्या जुन्या प्रोजेक्टरला असते ती निळ्या टोकाची, १५ पिनांची व्हीजीए केबल १९८७ पासूनची. तिच्यातून चित्र अॅनालॉग जातं, त्यामुळे गडबड झाली की चित्र हळूहळू बिघडतं. लाटा येतात, अक्षरांना सावल्या पडतात, एखादी पिन वाकली की सगळं पिवळं किंवा गुलाबी दिसतं. एचडीएमआय डिजिटल. तिथे चित्र ‘जरा पुसट’ होत नाही. ते चांगलं असतं, नाहीतर त्यात चकमकणारे ठिपके येतात, नाहीतर ते जातंच. त्यामुळे ‘महागडी केबल घेतली की एचडीएमआयचे रंग खुलतात’ असं कुणी सांगितलं तर हसून पुढे जा. मी नवी केबल घेतली साडेतीनशेला. आखूड आणि जाड.

आणखी दोन सोप्या परीक्षा आहेत, फुकटच्या. स्क्रीनवर रेघा असताना मॉनिटरचं स्वतःचं बटण दाबून त्याचा मेन्यू उघडा, ब्राइटनेस वगैरे असतो तो. तो मेन्यू मॉनिटर स्वतः काढतो, लॅपटॉपकडून येत नाही. मेन्यू स्वच्छ आणि मागचं चित्र रेघांचं, तर मॉनिटर बहुतेक निर्दोष. मेन्यूवरही रेघा, तर मॉनिटर किंवा त्याची वीज बघा. दुसरी परीक्षा, रेघा असताना स्क्रीनशॉट काढा आणि तो फोनवर पाठवून बघा. फोनवरही रेघा दिसल्या तर भानगड लॅपटॉपच्या आत, चित्र तयार होतानाच झालेली. दिसल्या नाहीत तर चित्र तयार होताना ठीक होतं, वाटेत बिघडलं. या दोन परीक्षा मी दुकानात जायच्या आधी केल्या असत्या तर ‘बोर्ड गेलाय’ ऐकल्यावर निदान एक प्रश्न तरी विचारता आला असता. आणि हो, दुकानात जाताना लॅपटॉपबरोबर आपली केबल आणि चार्जरही न्या. आजारी माणसाला घरी ठेवून त्याच्या भावाला डॉक्टरकडे नेण्यासारखं केलं होतं मी.

तिसरी परीक्षा चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवायची. त्याने दोष गेला तर विजेकडे बघा. चौथी, सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट ६० वरून ३० वर आणायची. त्याने दोष गेला तर केबलला तेवढा वेग झेपत नाहीये. आणि आपण समुद्राकाठची माणसं, म्हणून एक खास आपलं. टॉर्च मारून केबलच्या पिना बघा. हिरवट किंवा काळपट थर दिसला तर ती खारी हवा. केबलच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, अत्तराने किंवा थुंकीने नको. (हसू नका, मी बघितलंय.)

आता तुम्ही म्हणाल, पंप वगैरे गावाकडच्या गोष्टी. मुळीच नाही. फ्लॅटमध्ये पंखा बंद केला की मॉनिटर मिचकावतो, ही तक्रार तुमच्यापैकी किती जणांची आहे? तीच ठिणगी, तीच केबल. गॅसच्या दांड्यावर वरखाली होणाऱ्या ऑफिसच्या खुर्चीतून कुणी उठलं की स्क्रीन काळी होते, हाही प्रकार खरा आहे. खुर्चीत साठलेली स्थिर वीज सुटते आणि केबल ती पकडते. मॉनिटर जोडायच्या चिपा बनवणाऱ्या डिस्प्लेलिंक कंपनीला आपल्या ग्राहकांना हे समजावून सांगावं लागलंय. त्या खुर्च्या काही मालगुंडच्या वाडीत नसतात.

त्याहून भारी गोष्ट वेल्समधल्या आबरहोसान नावाच्या खेड्याची. तिथे दीड वर्षं रोज सकाळी सात वाजता अख्ख्या गावाचं इंटरनेट झोपायचं. कंपनीने केबली बदलल्या, फरक नाही. शेवटी इंजिनियर लोक गोंगाट मोजायचं यंत्र घेऊन पहाटे सहापासून पावसात गावभर फिरले. सातच्या ठोक्याला यंत्र उसळलं. माग काढला तर एका घरातला जुना टीव्ही! मालक सकाळी सातला तो लावायचा. लावला की टीव्हीतून असा विद्युत गोंगाट सुटायचा की गाव ऑफलाइन. बिचाऱ्याला कळल्यावर तो इतका ओशाळला की टीव्ही पुन्हा लावणार नाही म्हणाला. ही बातमी सप्टेंबर २०२० मध्ये जगभर गाजली. मला त्यातलं काय आवडलं सांगू? त्या इंजिनियरांनीही शेवटी तेच केलं, जे वायरमन दादाने मला सांगितलं. किती वाजता, ते बघा. ‘खेड्यात असंच असतं’ म्हणून ते थांबले असते, तर तो टीव्ही आजही चालू असता.

आणि लांब कशाला जायचं? जुन्नर तालुक्यातलं खोडद घ्या. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती जागा निवडली, त्याचं एक कारण म्हणजे तिथे माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी होता. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून येणारी कुजबूज ऐकायची तर शेजारी कुणी बोंबलत असून कसं चालेल? पण विजेच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्या, मोबाइल टॉवर, हे सगळं तिथेही पोचतंच. म्हणून तिथे गोंगाट शोधणं आणि गाळणं हे शास्त्रज्ञांचं एक स्वतंत्र कामच आहे. आपल्या काळ्या स्क्रीनमागे जो शत्रू आहे, त्याच जातीच्या शत्रूशी महाराष्ट्रात एवढी मोठी दुर्बीण रोज झुंजते. तरी आपण म्हणणार, हे काय क्षुल्लक, नवी केबल मागव.

नवी केबल मागवायला माझा विरोध नाही, मी स्वतः घेतली. माझा विरोध आहे तो कारण न शोधता मागवण्याला. आणि ही सवय आपल्याला लावली कुणी, ते आठवा. प्रॅक्टिकलच्या तासाला रीडिंग चुकलं की आपण काय करतो? मागच्या वर्षीच्या जर्नलमधलं रीडिंग उतरवतो. ‘उत्तर आलं का’ एवढंच विचारलं जातं, ‘का नाही आलं’ यावर सही मिळत नाही. खरं तर चुकलेलं रीडिंग हाच त्या तासातला एकमेव खरा प्रयोग असतो! फॅरेडेचा १८३१ चा नियम मी बारावीला पाठ केला, त्याचे मार्क मिळवले, आणि घरी येऊन एचडीएमआयच्या केबलला विजेची वायर गुंडाळून ठेवली. दोष फॅरेडेचा नाही. मला वाटतं, प्रत्येक कॉलेजने वर्षातून एक प्रॅक्टिकल असं ठेवावं की टेबलावर बिघडवलेली वस्तू द्यायची आणि उत्तर नव्हे, शोधताना लिहिलेली वही तपासायची. त्यात काहीही सापडलं नाही तरी मार्क द्यावेत.

लिहून ठेवण्याची परंपरा आमच्याकडे नाही असंही नाही. केशवसुतांमुळे मालगुंड सगळ्यांना माहीत. त्यांच्या धाकट्या भावाचं, मोरो केशव दामल्यांचं, नाव पर्यटक विचारत नाहीत. १९११ साली त्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आलं. मराठीतले नियम आणि नियम मोडणारी उदाहरणं एकेक करून मांडायची आणि असं का होतं, ते विचारत राहायचं, असलं चिवट काम. कविता बघायला गर्दी होते, व्याकरण बघायला होत नाही. चालायचंच.

आता एक गोष्ट मी गमतीने सांगणार नाहीये.

केबल बदलल्यावर काळोख गेला होता, पण मॉनिटरच्या मागच्या धातूला हात लागला की बोटाला झिणझिण्या यायच्या. मी तेही ‘असंच असतं’मध्ये टाकलं होतं. वायरमन दादाला सहज बोलले तर त्याचा चेहरा बदलला. त्याने सॉकेटमध्ये फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये टेस्टचा बल्ब धरला. (हे तुम्ही करायचं नाही.) बल्ब पेटायला हवा होता, पेटला नाही. मागच्या दारी अर्थिंगच्या खड्ड्यापाशी जाऊन बघितलं तर वायर खाऱ्या हवेने आणि ओलीने खाऊन तुटलेली. म्हणजे आमच्या घराला अर्थिंगच नव्हतं, कोण जाणे किती वर्षं. फ्रिजला नाही, वॉशिंग मशीनला नाही, विहिरीवरच्या ओल्या फरशीवर बाबा उभे राहून जो पंप चालू करतात, त्यालाही नाही.

तिसरी पिन कशाला असते, ते आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. ती वरची, जाड आणि लांब पिन. लांब अशासाठी की प्लग खोचताना तिचा संबंध सगळ्यात आधी जुळावा आणि काढताना सगळ्यात शेवटी तुटावा. मॉनिटरच्या आतली यंत्रणा आपला गोंगाट याच वाटेने जमिनीत सोडते. वाट तुटली की ती थोडीशी गळती धातूवर बसून राहते, त्याच त्या झिणझिण्या. दोन पिनांच्या चार्जरवरचा लॅपटॉप हलकासा झिणझिणतो, तो बऱ्याचदा दोष नसतो, रचनाच तशी असते. पण तीन पिनांची वस्तू झिणझिणली तर ती तुम्हाला काहीतरी सांगतेय. आज गळती थोडी आहे. उद्या आतली एखादी वायर सुटून बॉडीला टेकली तर थोडी राहणार नाही. अर्थिंग असेल तर फ्यूज जाईल किंवा स्विच पडेल. नसेल तर हात लावणारा जाईल.

आणि आपण काय करतो? हॉस्टेलच्या, पीजीच्या खोलीत दोन भोकांचा बोर्ड असतो म्हणून ती पिन पकडीने मोडतो! स्क्रीनवर रेघा येतात, स्पीकरमध्ये घूं आवाज येतो म्हणून अर्थिंगच काढून टाका, असं शिकवणारे व्हिडिओही मी बघितलेत. रेघा जातातही कधी कधी. माझं ऐकाल तर रेघा राहू द्या. चित्र स्वच्छ हवं म्हणून जीव वाचवणारी वायर तोडणं हा सौदा कुठल्याच हिशेबात बसत नाही. भाडं भरताना वायफायचा पासवर्ड विचारता ना, तसंच अर्थिंग आहे का आणि मुख्य बोर्डावर गळती झाली की पडणारा आरसीसीबी स्विच आहे का, तेही विचारा. ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं त्यावर. घरमालक वेड्यासारखं बघेल, बघू दे.

आमच्या घरी दादाने नवा खड्डा मारला, वायर बदलली, स्टार्टरचे कॉन्टॅक्ट्सही. मग उत्सुकता म्हणून मी ती जुनी पाच मीटरची केबल पुन्हा लावली आणि बाबांना पंपाकडे पिटाळलं. दहात एक काळोख. म्हणजे दोषी एकच नव्हता. ठिणगी होती, केबल होती, गुंडाळी होती, आणि तुटलेलं अर्थिंगही त्यात होतं की नाही, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही, कारण दादाने अर्थिंग आणि स्टार्टर दोन्ही एकाच दुपारी केले आणि माझा नियम मोडला. त्याला मी ते बोलून दाखवलं. तो म्हणाला, ‘‘तुझी वही राहू दे गो, मला अजून तीन घरं आहेत.’’ त्याचं बरोबर होतं. बाबा रोज ओल्यात उभे राहत होते, तिथे माझ्या प्रयोगासाठी एक दिवसही थांबायची गरज नव्हती.

एवढ्याने मी पुण्याला जाणारच नाही असं काही ठरलेलं नाही. पुढचं शिक्षण कदाचित तिकडेच असेल. पण गेले तर शिकायला जाईन, स्क्रीन जाते म्हणून नाही. कामाचे पैसे वेळेवर येतायत, नऊ हजार वाचलेत आणि त्यातले थोडे विहिरीजवळच्या स्विचला खोका करायला गेले.

स्क्रीन जायची थांबून आता बरेच दिवस झाले. कॅलेंडरवर वेळा लिहिणं बंद झालं, तरी बाबांची सवय काही मोडलेली नाही. अजूनही रोज सकाळी सातच्या सुमारास विहिरीवरून हाक येते, ‘‘चालू करतोय गो!’’ आणि मी टाइप करता करता आतून ओरडते, ‘‘करा!’’